पार्किंग लॉटच्या पलीकडचं लॉस एंजेलिस: उपनगरांतली खादाडी

लॉस एंजेलिसला गेलेला आपला माणूस हॉलिवूडची पाटी बघतो, युनिव्हर्सल स्टुडिओत दिवस घालवतो, सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर फोटो काढतो आणि रात्री भारतीय हॉटेल शोधून पनीर खातो. यात वाईट काही नाही, पण खाण्याची आवड असेल तर या शहरात तेवढंच करून परतणं म्हणजे उपाशी परतणं. खरं खाणं आहे उपनगरांत. ताई सॅन गॅब्रिएल व्हॅलीत राहते, शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. म्हणून या वेळी मुक्काम तिच्याकडे आणि कार्यक्रम एकच: आसपासच्या गावांत फिरायचं, खायचं, शेतकऱ्यांचे बाजार बघायचे. सोबत आई, जी मांस-मासे खात नाही पण अंडं चालवून घेते, आणि जिजाजी, ज्यांना सगळंच चालतं. त्यामुळे पुढचे सल्ले दोन्ही पंथांना उपयोगी पडावेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे चांगलं हॉटेल दिसायला चांगलं नसतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर एल आकाराची बैठी इमारत, पुढे गाड्या लावायची जागा, आणि ओळीने दुकानं: लाँड्री, नेल सलून, दंतवैद्य, आणि मधेच एका अरुंद दारामागे नूडल्सचं दुकान. याला स्ट्रिप मॉल म्हणतात. 1973 च्या तेलटंचाईनंतर इथले बरेच कोपऱ्यावरचे पेट्रोलपंप बंद पडले, त्या जागा बिल्डरांनी घेतल्या आणि तिथे असे छोटे मॉल उभे केले. भाडं कमी, गाडी दारात लागते, म्हणून नव्याने आलेल्या लोकांनी आपापली खानावळ इथेच टाकली. जोनाथन गोल्ड या समीक्षकाने आयुष्यभर अशाच दुकानांवर लिहिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पिको बुलेवार्ड या एका लांबलचक रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलात खायचा घाट घातला होता. 2007 साली त्याला पुलित्झर मिळालं, खाद्यसमीक्षेसाठी मिळालेलं ते पहिलं. 2018 मध्ये तो गेला, पण इथली माणसं अजून त्याच्या पद्धतीनेच हॉटेल शोधतात.

सुरुवात करा व्हॅली बुलेवार्डपासून. अल्हाम्ब्रा, सॅन गॅब्रिएल, रोझमीड ही गावं या एका रस्त्यावर एकाला एक चिकटून आहेत, आणि थोडं दक्षिणेला मॉन्टेरे पार्क. 1990 च्या जनगणनेत मॉन्टेरे पार्क आशियाई वंशाच्या लोकांची बहुसंख्या असलेलं अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं पहिलं शहर ठरलं. आता या पट्ट्यात चीनच्या निरनिराळ्या प्रांतांचं, तैवानचं, व्हिएतनामचं जेवण मिळतं. नुसतं ‘चायनीज खायचंय’ म्हणून जाऊ नका. सिचुआन म्हणजे मिरची आणि जीभ बधिर करणारे दाणे, शिआन म्हणजे हाताने ओढलेल्या रुंद नूडल्स, कँटनीज म्हणजे सकाळची डिमसम. दुकानाच्या पाटीवर प्रांत लिहिलेला असेल तर ते चांगलं लक्षण धरा. ज्या मेन्यूत सगळ्या प्रांतांचं सगळं आहे, तिथून मुकाट्याने बाहेर पडा. तैवानच्या डिन ताई फुंगने अमेरिकेतली पहिली शाखा 2000 साली इथल्याच आर्केडियात काढली. त्यांचे डंपलिंग उत्तमच असतात, पण ते आता मोठमोठ्या मॉलमध्ये मिळतात. इतक्या लांब आल्यावर मी तरी ती भूक छोट्या दुकानांसाठी राखून ठेवेन.

फोनवरचे तारे बघू नका असं मी म्हणणार नाही, पण ते वाचायचे कसे ते सांगते. या भागातल्या कितीतरी दुकानांना साडेतीन तारे असतात, आणि तक्रारी उघडल्या तर त्या जेवणाबद्दल नसतातच: वेटर हसला नाही, पाणी मागावं लागलं, कार्ड घेत नाहीत. अशा तक्रारी असलेलं दुकान मी आनंदाने निवडते. त्यापेक्षा लोकांनी टाकलेले फोटो बघा. प्रत्येक टेबलावर तोच एक पदार्थ दिसत असेल तर मेन्यू न उघडता तोच मागवा. आणि शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून ‘ते’ म्हणायला लाजू नका, इथे कोणी वाईट वाटून घेत नाही.

दारावर ए, बी किंवा सी अक्षर लावलेलं दिसेल. लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याची ही स्वच्छतेची श्रेणी, 1998 पासूनची. 90 किंवा त्याहून जास्त गुण असतील तर ए, 80 ते 89 बी, 70 ते 79 सी. चवीशी त्याचा संबंध नाही. पासाडेना आणि लाँग बीच यांची आरोग्य खाती वेगळी आहेत, म्हणून तिथे हे अक्षर दिसलं नाही तर दचकू नका.

शाकाहारी मंडळींनी मात्र इथे डोळ्यांत तेल घालून मागवावं. मापो तोफू नावाला तोफू, पण त्यात बहुधा डुकराचा खिमा असतो. परतलेल्या फरसबीतही तो बारीक चिरून टाकतात, आणि साध्या पालेभाजीला चिकनची पावडर लागलेली असू शकते. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. ‘मांस नाही, मासे नाही, चिकनचं पाणी नाही’ असं चिनी लिपीत भाषांतर करून फोनवर ठेवा आणि तेच दाखवा. आम्ही हे एका नूडल्सच्या दुकानात केलं. मालकीणबाईंनी चष्मा वर करून ते वाचलं, मेन्यूवरच्या सहा-सात ओळींवर पेनाने काट मारली आणि उरलेल्या दोनांवर गोल केला. आईचं त्या दिवशीचं जेवण सहलीतलं सर्वांत छान झालं: काळं व्हिनेगर, लसूण आणि गरम तेल ओतलेल्या बोटभर रुंद नूडल्स. खास बौद्ध शाकाहारी हॉटेलंही या भागात आहेत, पण तिथे सोयाचं ‘बदक’ आणि ‘कोळंबी’ इतकं हुबेहूब करतात की आईने पहिला घास बराच वेळ हातात धरून ठेवला.

बेकऱ्यांसाठी ग्लेंडेल. हे गाव अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या आर्मेनियन वस्त्यांपैकी एक, आणि गंमत म्हणजे इथली सर्वांत गाजलेली बेकरी क्यूबन आहे. पोर्तोज. क्यूबाहून आलेल्या रोझा पोर्तो यांनी घरून केक विकायला सुरुवात केली आणि त्यातून ती उभी राहिली. रांग दाराबाहेर आलेली दिसेल, घाबरून परत फिरू नका, काउंटर भरपूर असल्यामुळे ती भराभर सरकते. चीज रोल घ्याच, वर साखरेचे दाणे आणि आत गोडसर क्रीम चीज. पेरू-चीजची पेस्ट्रीही घ्या. पण पोटॅटो बॉल बघून हुरळून जाऊ नका. बाहेरून तो बटाटावड्याचा सख्खा भाऊ दिसतो, आत बीफचा खिमा असतो. आईच्या ताटलीतून तो वेळेवर उचलला गेला तो ताईच्या प्रसंगावधानाने.

शाकाहारी लोकांसाठी त्याहून सोयीच्या आर्मेनियन बेकऱ्या. तिथे जातार ब्रेड मागा. पातळ लाटलेल्या पिठावर थाइमच्या जातीची वाळलेली पानं, तीळ आणि सुमाक नावाच्या फळाची आंबट पूड ऑलिव्ह तेलात कालवून फासतात, भट्टीत दोन-चार मिनिटं, की कागदात गुंडाळून हातात. आत टोमॅटो, पुदिना, काकडी भरून मागितलं तर जेवणच होतं. दिसायला तसाच असलेला लाहमाजून मात्र खिम्याचा असतो. रंग बघून ओळखा: हिरवट-तपकिरी तो जातार, लालसर तो लाहमाजून. मेक्सिकन बेकऱ्यांत ट्रे आणि चिमटा घेऊन आपणच ब्रेड उचलायचा असतो, तिथे डुकराची चरबी घातली आहे का हे विचारून घ्या. एक हिशेबाची गोष्ट: बेकरीचा माल बांधून नेला तर विक्रीकर लागत नाही, तिथेच बसून खाल्ला तर लागतो.

आता बाजार. माझ्या मते सहलीचा खरा मुद्दा हाच. कॅलिफोर्नियात 1977 साली नियम बदलले आणि शेतकऱ्याला ठरावीक खोकी-प्रतवारीच्या अटींशिवाय थेट गिऱ्हाइकाला माल विकायची मुभा मिळाली. या काउंटीतला असा पहिला बाजार 1979 मध्ये गार्डीना इथे भरला. ‘सर्टिफाइड’ बाजारात विकणाऱ्याने माल स्वतः पिकवलेला असावा लागतो. स्टॉलवर काउंटीच्या कृषी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लावलेलं असतं आणि त्यात कोणकोणती पिकं घेतात त्याची यादी असते. ती वाचायची सवय लावा. यादीत नाही ती वस्तू टोपलीत दिसली तर विचारायला हरकत नाही. शेताचं नाव, जिल्हा आणि ‘आम्ही पिकवतो तेच विकतो’ अशा अर्थाचा फलकही असतो. तयार खाण्याचे, साबणाचे, दागिन्यांचे स्टॉल वेगळ्या भागात, त्यांना हा नियम नाही. बऱ्याच बाजारांत आत शिरताना पहिले तेच लागतात, तर तिथे पैसे आणि भूक संपवू नका.

अल्हाम्ब्राचा बाजार रविवारी सकाळी भरतो. आम्ही गेलो तेव्हा जून सुरू झाला होता. इथे त्या महिन्यात सकाळी आभाळ दाटलेलं असतं, त्यामुळे ऊन लागत नाही. फ्रेस्नोकडून रात्रीच निघून आलेले मोंग, म्हणजे मूळच्या आग्नेय आशियातल्या जमातीचे, शेतकरी होते, आणि त्यांच्या टेबलावर लाल माठ, कारली, भोपळ्याचे वेल, कोथिंबिरीच्या मुळांसकट जुड्या. आईने माठाची जुडी उचलली, देठ मोडून बघितला, कट्कन आवाज आला तशी खूश झाली. पलीकडची आजीबाई बघत होती. तिने ती जुडी काढून घेतली आणि खालून दुसरी, जास्त कोवळी, दिली. दोघींमध्ये एकही शब्द सामाईक नव्हता. चेरी आणि जर्दाळू चाखायला देतात, निःसंकोच चाखा, शेजारच्या दोन स्टॉलवरच्या एकाच फळात केवढा फरक असतो ते तेव्हाच कळतं. हिवाळा-वसंतात गेलात तर ओहाय गावच्या पिक्सी संत्र्या शोधा, शरदात पर्सिमन. त्यातलं चपटं फुयू कडक असतानाच खायचं. टोकदार हाचिया लिबलिबीत होईपर्यंत थांबायचं, नाहीतर तोंड आखडतं.

कोवळी भाजी हवी तर बाजार उघडताच जा. स्वस्त हवं तर शेवटच्या अर्ध्या तासात. पुष्कळजण परत न्यायला नको म्हणून भाव खाली आणतात, पण घासाघीस करायची पद्धत नाही. सुटे डॉलर आणि कापडी पिशव्या जवळ ठेवा. कच्च्या भाजी-फळांवर कर नसतो.

गाडी नसेल तर साउथ पासाडेना हे गाव गाठा. तिथला बाजार दर गुरुवारी दुपारनंतर मेट्रोच्या ए लाइनच्या स्टेशनलगतच भरतो. मेट्रोच्या टॅप कार्डवर एका बाजूचं भाडं 1.75 डॉलर, आणि दोन तासांत बदललेल्या गाडीला वेगळे पैसे नाहीत. व्हॅली बुलेवार्डला मात्र गाडी किंवा टॅक्सी लागतेच. बसने जाता येतं, पण दोन दुकानांमध्येच दुपार संपते.

आता टोरन्स या उपनगराबद्दल थोडक्यात: जपानी खाणं, जपानी सुपरमार्केटमधली खाऊगल्ली, आणि मंगळवारी व शनिवारी विल्सन पार्कमधला बाजार. शनिवारी सकाळी बाजार, मग सुपरमार्केटात उडोन, म्हणजे जाड नूडल्सचं सूप, असा दिवस छान बसतो. उडोनचं पाणी माशाचं असतं, हे शाकाहारींनी गृहीतच धरा.

हॉटेलच्या बिलावर साधारण 10 टक्के कर आणि वेटर वाढत असेल तर 18 ते 20 टक्के टिप, म्हणजे मेन्यूवरची किंमत मनात 28 ते 30 टक्के वाढवूनच मागवा. बरीच छोटी दुकानं सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, आणि नकाशावरच्या वेळा दर वेळी खऱ्या नसतात. लांबून येत असाल तर निघण्याआधी फोन करा. चारजण असाल तर प्रत्येक ठिकाणी एकदोनच पदार्थ वाटून घ्या, म्हणजे एका संध्याकाळी तीन दुकानं होतात.