टस्कीगीची वीट आणि अठ्ठावीस बाजूंची हद्द

वाचनाची थोडीफार आवड असलेल्या खानदेशी माणसाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर माहीत असतात. कपाशीने खंगलेल्या रानात भुईमूग घ्यायला लावणारे शास्त्रज्ञ. भुईमुगाचा बेवड चांगला, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण कार्व्हरना १८९६ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या आपल्या शाळेत बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन आणि त्यांच्याशी जाहीर वाद घालणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांची जोडी ‘आपल्या लोकांना आधी शिक्षण की आधी हक्क’ एवढ्यात उरकली जाते. हे मला खटकतं. दोघंही शिक्षणातलीच माणसं होती.

वॉशिंग्टन गुलामीत जन्मले. १८८१ मध्ये त्यांनी टस्कीगीला कृष्णवर्णीयांसाठी शाळा उभी केली तेव्हा राज्याकडून वर्षाला २००० डॉलर मिळत, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. इमारतीला दमडी नाही. म्हणून विटा. मुलांनी पंचवीसेक हजार विटा पाडून भट्टी लावली. रचाई चुकली, भाजणी चुकली, सगळा माल वाया. दुसरीही फसली. तिसरी जवळजवळ होत आली होती, तर मध्यरात्री ढासळली. तापी-गिरणाकाठी भट्टी लावणाऱ्यांना यातलं दुखणं लगेच कळेल: वीट पुरती वाळलेली नसली किंवा आच खेळायला वाट ठेवली नाही, की एक अंग भाजतं, दुसरं कच्चं राहतं आणि थर खचतो. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. ती साधली. मग आसपासचे गोरेही विटा घ्यायला येऊ लागले.

त्यांचा सगळा विचार या भट्टीतून निघतो. समोरच्याला लागणारी वस्तू आपल्या हातात असली की तो आपल्याला मान देईल, मतदानाचं पुढे बघता येईल. १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात त्यांनी हाताचा दाखला दिला: सामाजिक व्यवहारात बोटांसारखे वेगवेगळे, प्रगतीच्या कामात एक हात. गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

ड्यू बॉइस उत्तरेतले, हार्वर्डचे डॉक्टरेट. १९०३ मध्ये त्यांनी नेमकं बोट ठेवलं: मत नसलेल्या माणसाची वीट, जमीन, दुकान त्याच्याकडे टिकणार कसं? हा नुसता तात्त्विक मुद्दा नव्हता. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत मतदारासाठी वर्षाला दीड डॉलर कर होता आणि थकला तर तो साठत जाई, ३६ डॉलरपर्यंत. वरून लिहिता-वाचता येण्याची परीक्षा, नाहीतर ४० एकर जमीन किंवा ३०० डॉलरची मालमत्ता. बटाईने कापूस पिकवणारा, दुकानदाराच्या उचलीवर वर्ष काढणारा माणूस रोख दीड डॉलर आणणार कुठून? एक वर्ष चुकलं की पुढच्या वर्षी दुप्पट.

वॉशिंग्टन यांना हे दिसत नव्हतं असं नाही. याच घटनेविरुद्धच्या जाइल्स खटल्याला त्यांनी गुपचूप पैसा पुरवला. १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो खटला हरला. उघड बोलले असते तर शाळेच्या देणग्या आटल्या असत्या. त्यांची ही अडचण मी खरी मानतो. पण चोरून केलेल्या लढाईतून लोक तयार होत नाहीत, आणि लोक तयार करण्याचं काम ड्यू बॉइस करत होते: १९०५ ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी नायगारा चळवळ, १९०९ ला त्याच कामाच्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थापनेत पुढाकार, मग ‘क्रायसिस’ मासिकाचं संपादन. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते याच ड्यू बॉइस यांना.

वादाचा निकाल मात्र टस्कीगीतच लागला. १९५० च्या दशकात तिथे वॉशिंग्टन यांना हवे होते तसे लोक राहत होते: प्राध्यापक, डॉक्टर, स्वतःच्या घरांचे मालक. कृष्णवर्णीय मतदार वाढत चालले, तसं १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराची चौकोनी हद्द मोडून २८ बाजूंची वेडीवाकडी आकृती आखली. प्रभागरचना कशी फिरवतात ते आपल्याला चांगलं माहीत आहे. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर. गोरा एकही नाही. तेव्हा टस्कीगीच्याच संस्थेतले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला, आणि गावातल्या लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांतला बाजार बंद केला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.