वखारीतली छपाई: काकवी, मोरचूद आणि शेजारी

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा प्रेसचा नुसता सांगाडा उभा होता. आता तो फिरतो, छापतो आणि महिन्याची भिशीही त्याच्याच नावाने निघते. ही नोंद जस्ताच्या पत्र्यावरच्या पहिल्या मोठ्या प्लेटची. काम एचिंगचं: धातूचा पत्रा द्रावणात कोरायचा, खोलगट भागात शाई भरायची आणि प्रेसखाली ओल्या कागदावर दाबून ती उमटवायची. घरच्या गच्चीवर एकट्याने काम करत असतो तर यातली जवळपास एकही पायरी अशी झाली नसती. आमच्या जागेत तंत्र शेजाऱ्यांवरून ठरतं, आणि वर्षभरानंतर माझी त्याबद्दल काही तक्रार उरलेली नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जागा म्हणजे कोल्हापुरात मार्केट यार्डाच्या अंगाला असलेली गुळाची जुनी वखार. आम्ही सात जणांनी मिळून ती भाड्याने घेतली आहे. रस्त्याकडचा भाग गॅलरी, मागचा कामाचा, मधे फळ्यांचा आडोसा. फरशीत मुरलेला गूळ अजून निघालेला नाही. पावसाळ्यात चपला चिकटतात, मुंग्या बारमाही. सोबतीला रंकाळ्यावर बसून जलरंग करणारे निवृत्त सर, शाडूचे गणपती करणारा मित्र, साइनबोर्ड रंगवणारे काका, पेस्टलमध्ये काम करणाऱ्या मावशी आणि लिनोकट (लिनोलियम कोरून छपाई) करणाऱ्या कॉलेजच्या दोन पोरी. सातवा मी, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी शाई.

प्रेस शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. तयार एचिंग प्रेस घेणं आमच्या भिशीच्या पलीकडचं होतं. ज्या गावात १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावात दोन रोलर आणि एक पत्रा जमेना होय, असं म्हणून काकांनी विषय संपवला. वरचा रोलर भरीव, खालचा जाड पाइपचा, मधून सरकणारा बेड बारा मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचा. टर्नरने कागदावरची आकृती उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "आरं, हा तर रसवंतीचा चरक की!" खरंच आहे, फक्त आमच्यात उसाऐवजी ओला कागद जातो. त्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली: रोलर डोळ्याला गोल दिसून चालणार नाही, लेथवर डायल लावून तपास. रोलर केसभर जरी वाकडा असला तरी प्लेटची एक बाजू काळीकुट्ट आणि दुसरी उपाशी राहते. हाताच्या चाकाला गिअर घातल्यामुळे पोरीसुद्धा एका हाताने फिरवतात.

रोलरखाली घालायला फेल्ट लागतं. जाड लोकरी फेल्ट महाग, म्हणून एक थर धनगरी घोंगडीचा करून पाहिला. दाब छान बसतो, पण घोंगडीची वीण कागदावर उमटते. त्यामुळे आता घोंगडी वर, रोलरकडे, आणि कागदाला लागून बारीक फेल्ट. ज्यांना खरखरीत पोत हवा असेल त्यांनी उलटा क्रम जरूर करून पाहावा. पोरींच्या लिनोला तो शोभतो.

आता मुख्य भाग. मला नायट्रिक अॅसिडमध्ये प्लेट 'खायची', म्हणजे अॅसिडने कोरायची होती, कारण जस्तावर तेच करतात असं शिकलो होतो. मावशींना दमा आहे. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "नायट्रिक आत आलं, तर मी बाहेर जाणार नाही. तू जाशील." नायट्रिकमधून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसाला किती वाईट असतो हे माहीत असणाऱ्याला यावर बोलायला काही उरत नाही. सरांनी पुढची अट घातली: राळेची पूड उडवायची नाही, टर्पेंटाइन आणि रॉकेल फक्त बाहेर पत्र्याखाली. राळेची पूड गेली म्हणजे अॅक्वाटिंट (पूड प्लेटवर वितळवून दाणेदार छटा काढायची रीत) गेलं. अॅक्वाटिंट गेलं म्हणजे राखाडी छटा गेल्या. काही दिवस मी तोंड पाडून फिरत होतो.

यातून मोरचूद (कॉपर सल्फेट) सापडलं. एक लिटर पाण्यात ७५ ग्रॅम मोरचूद आणि ७५ ग्रॅम साधं मीठ, एवढंच. मोरचूद कृषी सेवा केंद्रात किलोने मिळतं, कारण द्राक्षाला फवारायच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर तेच घालतात. दुकानदाराने "बाग कुठं हाय?" विचारलं, मी "जस्ताची" म्हणालो, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. युरोपातल्या काही छपाईकारांनीही या पद्धतीला बोर्डोचंच नाव दिलं आहे. जस्त तांब्यापेक्षा चपळ, म्हणून जस्त विरघळतं आणि द्रावणातलं तांबं तांबूस-तपकिरी चिखलासारखं प्लेटवर बसतं. तो थर मऊ ब्रशने किंवा पिसाने सतत झाडत राहायचा. धूर नाही, वास नाही. बारीक बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, तेव्हा खिडकी उघडी आणि शेगडी बंद. हातमोजे लागतातच. द्रावणाचा निळा रंग फिका होत गेला की त्याचा जोर संपत आला असं समजायचं. अॅल्युमिनियमवर हेच वापरणार असाल तर जपून: तिथे ते फार जोरात चालतं आणि तापतं.

आणि खरी गंमत पुढे. मोरचुदात उघडा राहिलेला जस्ताचा भाग गुळगुळीत खाल्ला जात नाही, खरवडल्यासारखा दाणेदार होतो. त्या दाण्यांत शाई अडकते. म्हणजे राळेशिवाय छटा! पाच मिनिटांत पावसाळी आभाळासारखा राखाडी, वीस-पंचवीस मिनिटांत भरदार काळा. अॅक्वाटिंटइतका एकसारखा नसतो. मला तो जास्त आवडतो, सरांना अजिबात आवडत नाही. त्यांच्या मते छटा सपाट असावी, कोल्हापूरचे जुने चित्रकार अबालाल रहिमान यांच्या रंकाळ्याच्या पाण्यासारखी. वाद चालू आहे.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, हा नियम मीच घातला. तांबं माशांना विषारी, आणि आमच्या मोऱ्यांचं पाणी शेवटी कुठे जातं हे पंचगंगेकाठी राहणाऱ्याला सांगायला नको. धुण्याचा सोडा घातला की निळा-हिरवा साका खाली बसतो. तो कापडातून गाळून, वाळवून बरणीत साठवतो. बरणी भरत आली आहे.

चित्राचा विषय गुऱ्हाळ. मागच्या थंडीत कागलच्या बाजूला जाऊन रेखाटनं केली होती: काहील, वाफ, चिपाडांचे ढीग, चुलाणापुढे वाकलेला माणूस. प्लेट वीस बाय तीस सेंटिमीटर, अठरा गेजची. कडा कानशीने तिरप्या केल्या (नाहीतर फेल्ट कापलं जातं), पाठीला पॅकिंगची टेप लावली. मला रेषा नको होत्या, ब्रशचे फटकारे हवे होते, म्हणून शुगर लिफ्ट. साखरेच्या पाकात शाई घालून प्लेटवर थेट चित्र काढायचं, ते चिकटसर वाळलं की वरून डांबर-मेणाचा पातळ ग्राउंड (द्रावण लागू न देणारा थर) द्यायचा, ग्राउंड वाळल्यावर प्लेट कोमट पाण्यात सोडायची. खालची साखर फुगते, वरचा ग्राउंड सोलून काढते आणि नेमका ब्रश फिरला तेवढाच भाग उघडा पडतो. १९३०च्या दशकात पिकासोने प्राण्यांच्या चित्रमालिकेसाठी हेच तंत्र वापरलं होतं. गुळाच्या वखारीत बसून साखर कशाला विकत घ्यायची? आम्ही काकवी घेतली.

दोन भाग काकवी, एक भाग काळी इंडिया इंक, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. साबणामुळे जस्तावर थेंब फुटत नाहीत. त्याआधी प्लेट खडूची पूड आणि व्हिनेगरने घासून पूर्ण तेलमुक्त हवी, पाण्याचा पडदा अखंड राहीपर्यंत. काकवी ब्रशवर साखरेच्या पाकापेक्षा फार सुंदर चालते. दाट आहे, ओढ आहे, आणि फटकाऱ्याच्या शेवटी सुटणारे ब्रशचे केस जसेच्या तसे उमटतात.

पण पावसाळ्यात ती वाळत नाही. काकवीत साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बरंच असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात श्रावणात निम्मी वखार शाडूच्या मूर्तींनी भरलेली, प्रत्येक मूर्ती हवेत पाणी सोडणारी. सगळे पंखे गणपतींकडे. माझी प्लेट आठवडाभर ओलीच, आणि मुंग्यांनी चिपाडांच्या ढिगाची डावी बाजू आपल्या पद्धतीने पुन्हा रेखाटली. (तो भाग मी ठेवला आहे. माझ्यापेक्षा बरा जमलाय.) मित्राला पंखा मागायची सोय नव्हती, त्याचं वर्षाचं पोट त्या मूर्तींवर आहे. विसर्जन झालं, जागा मोकळी झाली, आणि दसऱ्यानंतर कोरडी हवा सुटली तशी तीच काकवी एका रात्रीत हाताला चिकटेल-न चिकटेल इतकी आली. नेमकं एवढंच हवं असतं. कडक वाळवू नका, सोलायला वेळ लागतो.

सोललेली प्लेट टप्प्याटप्प्याने खाल्ली. आधी सगळं पाच मिनिटं, मग वाफेजवळचे फिके भाग झाकून पुन्हा, शेवटी काहिलीच्या पोटाखालचा अंधार आणि चिपाडांच्या सावल्या एकट्याच. ग्राउंड काढायला शेंगतेल आणि लाकडाचा भुसा. वेळ लागतो, पण मावशी शेजारी बसून पेस्टल घासत असतात आणि कुणाला खोकला येत नाही.

छपाईबद्दल थोडक्यात. शाई ऑफसेटची काळी, तिच्यात थोडं अळशीचं तेल आणि सैल वाटली तर खडूची पूड. पुसायला खळ दिलेलं जाळीदार सुती कापड, शेवटी तळहात. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेला सुती, अर्धा तास भिजवून, टिपकागदात रात्रभर दाबून. पावसाळ्यात भिजवलेली चळत दुसऱ्या दिवशीच संपवा, नाहीतर बुरशीचे ठिपके येतात. आणि कोल्हापुरात २०१९च्या महापुरानंतर कुणी कोरा कागदसुद्धा खालच्या फळीवर ठेवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता गॅलरीकडे. भिंत कुणाला कधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. चित्र विकलं तर पंधरा टक्के प्रेसच्या डब्यात, आणि ज्याचं प्रदर्शन असेल त्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी खुर्चीवर बसायचं. हा शेवटचा नियम पोरींनी सुचवला. आपल्या चित्रापुढे आपणच बसलो की लोक भीडेने "छान आहे" म्हणून निघून जातात. दुसरा बसला की खरं बोलतात. माझी चिठ्ठी दिवाळीत निघाली, त्यामुळे मी आडोशाच्या मागे कामात आणि खुर्चीवर काका.

नेहमीचा प्रश्न आलाच: "म्हणजे हे झेरॉक्स हाय का?" काकांनी उत्तर न देता गिऱ्हाइकाला मागे आणलं आणि चाक फिरवायला लावलं. कागद उचलल्यावरचा चेहरा पाहून मला वाटतं, लेबलवर 'एचिंग' लिहिण्यापेक्षा हे बरं. ३/१२ म्हणजे काय तेही तिथेच समजतं. बारा प्रती, त्यातली ही तिसरी, सगळ्या हाताने शाई भरून. त्या आठवड्यात खपलेल्या प्रतींपैकी बहुतेक चाक फिरवणाऱ्यांनीच घेतल्या.

पण सगळ्यात उपयोगी पाहुणा एक म्हातारा गुळव्या. मार्केट यार्डात काही कामाला आला होता, दारातून डोकावला. चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. काकांना म्हणाला, "वाफ झ्याक काढलीया. पर चुलाणाचं तोंड एवढं काळं नसतंय. जाळ तिथं असतोय की." मी आडोशामागे ऐकत होतो. रेखाटनात तिथे उजेड होता, अंधाराच्या नादात मीच तो खाऊन टाकला होता. एडिशनच्या पहिल्या चार प्रती तोवर छापून झाल्या होत्या, त्या 'पहिली अवस्था' म्हणून वेगळ्या काढल्या. मग स्क्रेपरने दाणे खरवडले, बर्निशरला तेलाचा थेंब लावून चुलाणाचं तोंड घासून चकचकीत केलं. जस्त मऊ असल्यामुळे पटकन उजळतं, पण एकाच जागी दाबत राहिलात तर खड्डा पडतो. दुसऱ्या अवस्थेत माणसाच्या पायांवर उजेड आला आहे आणि वाफसुद्धा जास्त वाफ वाटते. बारा प्रती आता या अवस्थेच्या, नव्याने क्रमांक देऊन. पहिल्या अवस्थेची एक विकली गेली होती. घेणाऱ्याला फोन करून बदलून देऊ का विचारलं, तर म्हणाला, काळीच बरी आहे.

पुढचं काम रंगाचं. एकाच प्लेटवर कमी-जास्त तेलाच्या शाया वेगवेगळ्या कडकपणाच्या रोलरने फिरवून सगळे रंग एकाच दाबात काढायचे, म्हणजे व्हिस्कॉसिटी पद्धत. तीही एका सामायिक जागेतच वाढली: पॅरिसला छपाईकार हेटरच्या 'अतेलिए १७' या कार्यशाळेत, आपले भारतीय छपाईकार कृष्णा रेड्डी यांच्या हातून. इथे प्लेट खोल खाल्लेली लागते आणि ते मोरचुदाला जमतं. एकच धाकधूक आहे. जस्तावर पिवळा मळकट हिरवा होतो म्हणतात, म्हणून आधी छोट्या तुकड्यांवर पाहणार. मावशी रंगांच्या बाबतीत कडक आहेत, त्यांना मळका पिवळा दिसला की संपलं.

अडलंय ते रोलरवर. कडक रोलर ऑफसेटच्या जुन्या मशिनचा मिळाला. मऊ, शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) वीसच्या आसपासचा, मोठ्या व्यासाचा हवाय. रबर भरून देणारे इतक्या मऊला तयार होत नाहीत, तीस-पस्तिसाच्या खाली नको म्हणतात. सांगली, इचलकरंजी किंवा पुण्याकडे कुणी असा भरून घेतला असेल तर किती जाडीचा थर घेतला आणि किती टिकला, ते कळवा. भिशीचा पुढचा नंबर माझा आहे, तोवर ठरवायचंय.