तुला चालेल ना?

सख्खी भावंडं एकमेकांशी सौजन्याने वागू लागली, की खुशाल समजावं, मध्ये बरंच अंतर पडलंय. "एसी थोडा कमी करू का? तुला चालेल ना?" असं ताईने गाडी निघाल्या निघाल्या विचारलं, तेव्हा दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. खिडकीची जागा मिळावी म्हणून लहानपणी आमच्या बरगड्यांत कोपर खुपसणारी ही बाई, आता परवानगी मागत होती!

भेटत नव्हतो असं नाही. पण प्रत्येक वेळी कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी आजारपण, सोबत नवरे-बायका, मुलं. नुसते आम्ही तिघं, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. खरं तर आयुष्यातलं सगळ्यात लांब पल्ल्याचं नातं हेच. आईवडील आधी जातात, जोडीदार आणि मुलं उशिरा येतात. भावंडं मात्र सत्तर-ऐंशी वर्षंसुद्धा साथीला असू शकतात. कदाचित म्हणूनच त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ती आहेतच की!

भावंडांना पुन्हा बोलतं करायला गाडीसारखी जागा नाही. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, त्यामुळे बोलताना एकमेकांकडे बघावं लागत नाही. गप्प बसलं तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आणि कितीही राग आला तरी उठून जाता येत नाही.

दादा गाडी चालवत होता. लहानपणी घाट लागला की याला पिशवी लागायची. पण चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे डोळे एक सांगतायत आणि कान आतून दुसरंच, असा गोंधळ त्याच्या डोक्यात कमी होतो. मागे बसून फोनमध्ये डोकं घालणाऱ्या मला मात्र मळमळायला लागलं. यावर दादाला झालेला आनंद निव्वळ आसुरी होता. पहिलं सौजन्य तिथे गळालं.

उरलेलं आठवणींनी संपवलं. शेजाऱ्यांच्या खिडकीची काच कुणी फोडली? माझ्या आठवणीत दादाने. त्याच्या आठवणीत ताईने. ताईच्या मते आम्ही दोघांनी, आणि बोलणी तिने खाल्ली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुळ्या भावंडांमध्ये असेच वाद आढळले होते: घटना एकच, आणि दोघंही शपथेवर सांगणार की ती माझ्याच बाबतीत घडली. त्याच संशोधकांना पुढे असंही दिसलं, की यश आणि दुःख माणसं आपल्याकडे ओढतात आणि आगळीक भावंडाच्या नावावर टाकतात. हे मी गाडीत वाचून दाखवलं. "तू गप्प बस, तू तेव्हा एवढीशी होतीस," असा ताईचा निकाल आला. जन्मक्रमाचा स्वभावावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असं 2015 साली वीस हजारांहून जास्त माणसांच्या माहितीवरून दिसून आलं होतं. ते मात्र मी वाचून दाखवलं नाही. थोरल्या बहिणीला आकडेवारी दाखवून काय होणार?

मग विषय बाबांवर गेला. ताई म्हणाली, बाबा दाढी करताना शिट्टीवर गाणी वाजवायचे. दादाला पुसटसं आठवत होतं. मला तर शिट्टी वाजवणारे बाबा माहीतच नाहीत. माझ्या वाट्याला आले ते चष्मा शोधणारे, लवकर झोपणारे, कशालाही नाही न म्हणणारे बाबा. ताईला म्हणे ते फार रागीट वाटायचे. एकाच घरात वाढलो असं आम्ही जन्मभर सांगत आलो. पण तिच्या घरात एक तरुण, कर्ज फेडणारा, चिडका, शिट्टी वाजवणारा माणूस राहत होता. माझी आणि त्याची कधी भेटच झाली नाही. कुठलं गाणं वाजवायचे, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. ताईने ओठ गोल करून बराच प्रयत्न केला. नुसती हवा निघाली. दादा इतका हसला, की गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुन्हा निघाल्यावर, बहुधा त्या हसण्याच्या जोरावरच, ताई समोर बघत म्हणाली, "आईच्या आजारपणात तू यायला हवं होतंस." दादानेही मान वळवली नाही. गिअर बदलला आणि म्हणाला, "हो." त्यानंतर कुणी काही स्पष्टीकरण दिलं नाही, मागितलं नाही. समोरासमोर बसलो असतो, तर या एका वाक्याला तासभर पुरला नसता आणि शेवटी कुणीतरी रडलं असतं.

"पुढच्या फाट्याला डावीकडे घे," ताई म्हणाली. फोनमधला नकाशा उजवीकडे सांगत होता. दादा नकाशाच्या बाजूने, मी दादाच्या बाजूने, आणि ताई ताईच्या. डावीकडे वळलो.