मोझार्टचं रेक्विएम: नेमकं कोणतं रेकॉर्डिंग?

मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेचं संगीत (त्याच्या कृतींच्या यादीत के. 626), पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायचं होतं. ॲपचे पैसे भरलेले, हेडफोन चांगले. अडलं ते सर्चमध्ये, आणि तो राग अजून गेलेला नाही.

नाव टाकलं की समोर येतो त्यातला एकच भाग, 'लॅक्रिमोसा'. झोपेच्या प्लेलिस्टमध्ये, पावसाच्या आवाजासकट. कलाकार कोण, तर 'मोझार्ट'. कंडक्टर कोण, कॉयर (गायकवृंद) कुठला, काही पत्ता लागत नाही. साल दिसतं ते अल्बम पुन्हा बाजारात आणल्याचं. आणि कळीची गोष्ट तर कुठेच लिहिलेली नसते: हे पूर्ण कोणी केलं? 5 डिसेंबर 1791 ला मोझार्ट गेला तेव्हा काम अर्धवट होतं. लॅक्रिमोसाचे पहिले आठच बार (तालाची आवर्तनं) त्याच्या हातचे. पुढचं त्याचा सहायक झ्युसमायर याने पूर्ण केलं, आणि विसाव्या शतकात बायर, मॉन्डर, लेविन यांनी आपापल्या परीने ते पुन्हा हाताळलं. म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळं संगीत! ॲपच्या सपोर्टला सविस्तर लिहिलं, तर 'अभिप्राय नोंदवला आहे' एवढंच उत्तर. ज्यांनी जीव ओतून गायलं-वाजवलं, त्यांची नावंसुद्धा दाखवायची नाहीत, हे मला अजिबात पटत नाही.

शेवटी ट्रॅकची यादीच वाचायला लागले, आणि ती बरंच सांगते. 'सांक्टुस' आणि 'बेनेडिक्टुस' हे भाग गायब असतील तर मॉन्डरची आवृत्ती. कंडक्टर क्रिस्टोफर हॉगवुडचं रेकॉर्डिंग तसं आहे. ते दोन्ही आहेत आणि लॅक्रिमोसानंतर 'आमेन'चा फ्यूगही (एकच धून एकामागून एक आवाजांनी उचलायची रचना) आहे, तर लेविनची आवृत्ती असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी चार्ल्स मॅकेरस आणि स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा ऐका. सर्चमध्ये कृतीच्या नावाबरोबर कंडक्टरचं आडनाव रोमन लिपीत टाका, निम्मा कचरा तिथेच गळतो.

झ्युसमायरची आवृत्ती हवी असेल तर कार्ल ब्योम, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, 1971. तासाहून मोठं, संथ, भारदस्त. जॉन एलियट गार्डिनरचं मोझार्टच्या काळच्या पद्धतीच्या वाद्यांवर, चपळ, आणि कॉयरचा शब्दन् शब्द कळतो. तुलना करताना सुरुवातच ऐका: तंतुवाद्यांच्या तुटक सुरांवर बासून आणि बॅसेट हॉर्न ही फुंकवाद्यं एकामागून एक येतात. गार्डिनरकडे ती वेगवेगळी ऐकू येतात, म्हणून मी तेच ठेवलं.

आणि हो, सेटिंगमध्ये दोन ट्रॅकमधली शांतता बंद करा, शफलही. लॅक्रिमोसाच्या आधीच्या 'कॉन्फुटाटिस' या भागाचे शेवटचे सूर थेट लॅक्रिमोसाकडे ओढ घेतात. तिथे दोन सेकंदांची पोकळी आली तरी सगळा परिणाम जातो.