तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्रीच्या पहिल्या नंबरचं एवढं काय?

अमेरिकन कंट्री संगीताचा, म्हणजे तिथल्या ग्रामीण, कष्टकरी माणसांच्या गाण्यांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, एखादं गाणं कंट्रीच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रियतेच्या यादीत, पहिलं आलं तर त्यात एवढं भरून येण्यासारखं काय? कोट्यवधी व्ह्यूजची गाणी तर रोजच निघतात. मी उत्तर एकाच गाण्यावरून देतो: 'फास्ट कार'.

गायिका ट्रेसी चॅपमन अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची. गाणं तिनं एकटीनं लिहिलं, १९८८ साली ते आलं. त्या जूनमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तरीचा कार्यक्रम होता. स्टीव्ही वंडरच्या वाद्याचा एक भाग ऐन वेळी सापडेना, म्हणून एकदा गाऊन गेलेल्या ट्रेसीला पुन्हा मंचावर पाठवलं. सोबतीला फक्त गिटार. गाणं जगभर पोचलं, बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या, सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य चार्टवर सहावं आलं. कंट्रीच्या चार्टवर मात्र त्याचं नाव नव्हतं.

आणि गाण्यात आहे काय? पिणारा बाप, घर सोडून गेलेली आई, बापाला सांभाळायला शाळा सोडणारी मुलगी, दुकानातली नोकरी, कुणाच्या तरी गाडीत बसून हे सगळं मागे टाकायची आस. पुढे तो गाडीवालाही मित्रांबरोबर पीत बसतो. याहून अस्सल कंट्री कुठलं? पण गाणारी काळी बाई होती, आणि कंट्री वाजवणाऱ्या रेडिओवर तिच्यासारखीला जागा नव्हती. चार्ली प्राइड हा काळा गायक कंट्रीच्या चार्टवर तिसेक वेळा पहिला आला खरा, पण तो अपवादच राहिला.

२०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ल्यूक कोम्ब्ज या गोऱ्या कंट्री गायकानं हे गाणं आपल्या आल्बममध्ये घेतलं. लहानपणी वडिलांच्या गाडीत कॅसेटवर ऐकलेलं. त्यानं गाण्यातली गल्ल्यावरची मुलगी मुलगीच ठेवली, स्वतःच्या सोयीनं तिचा मुलगा केला नाही. याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. मुख्य चार्टवर गाणं दुसरं आलं आणि जुलैत कंट्री एअरप्लेवर पहिलं.

हा एअरप्ले चार्ट म्हणजे रेडिओ स्टेशनांनी गाणं किती वाजवलं आणि ते किती जणांच्या कानी पडलं याचा हिशोब. यूट्यूबचा तिथे काहीच संबंध नाही. म्हणजे ज्यांच्या हातात दार होतं, त्यांनीच ते उघडलं. शिवाय अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गायकाला मिळत नाही. ते गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाकडे जातं. कोम्ब्जचा आवाज जितक्या वेळा लागला, तितक्या वेळा हक्काचे पैसे ट्रेसीच्या खात्यात. एकटीनं लिहिलेलं गाणं या चार्टवर पहिलं आलेली ती पहिली काळी स्त्री. नोव्हेंबरात कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कारही तिला मिळाला. तिच्याआधी तो एकाही काळ्या गीतकाराला मिळालेला नव्हता.

त्यासाठी ३५ वर्षं आणि एका गोऱ्या पुरुषाचा आवाज लागला, हे मला आजही बोचतं. तो राग कोम्ब्जवर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर दोघं ते एकत्र गायले, तेव्हा तो तिच्याकडे बघत तिचे शब्द ओठांत घोळवत होता. त्या कार्यक्रमानंतर लगेच अमेरिकेतल्या आयट्यून्स या गाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात सगळ्यांत वर पोचलं ते १९८८ चं मूळ ध्वनिमुद्रण, ट्रेसीच्याच आवाजातलं.