पेन्शन घेऊन गप्प बसायचं?

"एकदा युनिफॉर्म उतरवला की संपलं की वो काका, पेन्शन घ्यायची आणि गप्प घरात बसायचं."

आज सांब्र्यात चहाच्या गाड्यावर एक पोरगा आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड सुभेदार काकांना असं बोलला. पोरगं वाईट नाही, सहज बोललं. पण काका नुसते चहाकडे बघत राहिले, ते मला लय लागलं.

मला एकदम ओडिशाचे बिजू पटनायक आठवले, युनिफॉर्म उतरवल्यावरही गप्प न बसलेले. जन्म १९१६, कटक. दुसऱ्या महायुद्धात एअरफोर्सची विमानं चालवली, त्यातच स्वातंत्र्यचळवळीतल्या पुढाऱ्यांना गुपचूप विमानातून नेलं म्हणून इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. आणि १९४७ मध्ये तर बायकोला सोबत घेऊन डाकोटा विमान थेट जावात उतरवलं, डचांची नाकेबंदी असताना, आणि इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना बाहेर काढलं! बायकोला सोबत घेऊन, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

पुढं कलिंग एअरलाइन्स ही विमान कंपनी काढली, कारखाने काढले. विज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांसाठी युनेस्कोचं कलिंग प्राइज आहे ना, तेही त्यांच्याच देणगीतून. १९६१ला ओडिशाचे मुख्यमंत्री, आणि परत १९९०ला, तेव्हा वय चौऱ्याहत्तर!

आपल्या बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, गल्लोगल्ली माजी सैनिक. कारगिल बघितलेली, सियाचीनला राहिलेली माणसं. त्यांना वॉर्डाच्या मीटिंगला, शाळेच्या कमिटीवर आपण कधी बोलावतो काय? तुमच्या गल्लीत, गावात कोण असेल तर खाली सांगा.