दुकानात चालतो, घरी गेममध्ये बंद पडतो

गेम खेळताना पीसी बंद पडतो म्हणून कॅबिनेट उचलून नागपुरातल्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) नेला, की पुढचा संवाद ठरलेला. दुकानदार दोन तास पीसी सुरू ठेवतो, यूट्यूब लावून पाहतो, काहीच होत नाही. मग "फॉरमॅट मारून देतो, व्हायरस असेल." पैसे जातात, पीसी घरी येतो आणि त्याच संध्याकाळी चाळीस मिनिटांच्या गेमनंतर पुन्हा काळा पडदा. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे एसी असतो, विजेची लाइन वेगळी असते आणि गेमचा लोड कोणी टाकलेलाच नसतो. दुखणं पीसी, खोली आणि सॉकेट अशा तिघांचं मिळून असतं, दुकानात त्यातला एकटा पीसी जातो.

म्हणून फॉरमॅटचा विचार बाजूला ठेवा आणि पीसी नेमका कसा बंद पडतो ते दोन-तीनदा नीट बघा. "हँग होतो" एवढ्यावर भागत नाही. बटण दाबून दिवा विझवावा तसा फटकन बंद होतो? पडदा काळा होऊन पंखे सुसाट सुटतात आणि हेडफोनमध्ये मित्रांचा आवाज चालूच राहतो? निळा पडदा येतो? की नुसता गेम गायब होऊन डेस्कटॉप दिसतो? ही चार वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात संशय विजेवर आणि तापमानावर, दुसऱ्यात ग्राफिक्स कार्डावर, तिसऱ्यात कोड काय म्हणतो ते बघायचं. चौथ्यात रॅम, ड्रायव्हर, कधीकधी प्रोसेसर.

निळा पडदा वाचायच्या आत पीसी रिस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढून टाका. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, विंडोज लॉग्जखालचं सिस्टिम उघडा. बंद पडल्याच्या वेळेला कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद हमखास सापडते. ती पाहून "पॉवरचा प्रॉब्लेम आहे" असं ठरवू नका. ४१ म्हणजे विंडोज नीट बंद झालं नव्हतं, एवढंच. खरी माहिती तिच्या डिटेल्समधल्या बगचेक कोडमध्ये असते. तो शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं थांबलं: वीज गेली, एसएमपीएसने (पीसीला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याने) हात वर केले किंवा पीसी जागीच गोठला आणि तुम्हीच बटण दाबून ठेवलं. २७८ म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर उत्तर देईना. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली, सोबत बहुधा व्हीया-लॉगरची (WHEA-Logger) नोंद असते. २६ म्हणजे मेमरीची गडबड, आधी रॅम तपासा. हे आकडे दशमान आहेत. नेटवर शोधताना कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) बदलून घ्या, नाहीतर भलत्याच रोगाचं औषध हाती लागतं.

आता वीज. नागपूरच्या घरांमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा, आणि नेमकं इथेच कोणी बघत नाही.

"वीज खराब असती तर पीसी एरवीही बंद पडला असता," असं लोक म्हणतात. तसं होत नाही. एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. वीज क्षणभर दबली तर तेवढा वेळ तोच पीसीला धरून ठेवतो. चांगल्या एसएमपीएसमध्येही भरपूर लोड असताना हा धीर जेमतेम १६-१७ मिलिसेकंदांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. गेम जोरात असताना एक फेरा जरी हुकला तरी पीसी गेला. यूट्यूब पाहताना लोड त्याच्या चौथाईलाही पोहोचत नाही, कपॅसिटर चौपट वेळ पुरतो आणि तोच झटका कुणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा बंद पडल्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा. शेजारच्या खोलीतला दीड टनाचा एसी सुरू होताना, नळ आल्यावर टिल्लू पंप लावताना, कूलरची मोटर फिरताना ट्यूबलाइट लुकलुकते का, आणि त्या वेळा जुळतात का, ते पाहा. जुळल्या तर पीसीला वेगळ्या सर्किटवरचा सॉकेट द्या. ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर आहे त्यावर पीसी नकोच. आणि स्पाइक गार्ड लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका, दबलेलं व्होल्टेज तो उचलत नाही.

दुसरा संशयित टेबलाखालचा यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेक वेळा ३६० वॅट. हा दुसरा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो. हिशेब करून बघा. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅट, रायझन ५ ५६०० गेममध्ये साधारण ६०, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०. झाले २८०. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३३० ओढले जातात, मॉनिटरचे ३० मिळवले की ३६० पूर्ण. म्हणजे यूपीएस कायम कड्यावर उभा. लाइन ठीक आहे तोवर तो वीज नुसती पुढे ढकलतो. व्होल्टेज दबलं की बॅटरीवर जातो आणि तिथे भार झेपला नाही की एक लांब बीप देऊन सगळंच बंद. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते, गरम खोलीत आणखी लवकर. चाचणी सोपी आहे: एक दिवस यूपीएस काढून पीसी थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटवर लावा आणि तोच गेम खेळा. घरच्या इन्व्हर्टरवर खेळत असाल तर तो स्क्वेअर वेव्हचा नाही ना, तेही बघा. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसला ती चौकोनी वीज मानवत नाही.

तिसरी गोष्ट अर्थिंग. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात बहुधा काहीच जोडलेलं नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतात, तो जमिनीत जायला वाट मिळत नाही. अर्थिंग जोडलेलं असलं तरी मे महिन्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ वीस-तीस दाखवत असेल तर पीसी दुरुस्त करण्याआधी घराची वायरिंग दुरुस्त करा. हे मोजमाप स्वतः करून शिकायची गोष्ट नाही.

खुद्द एसएमपीएसचं लक्षण वेगळं असतं. फटकन बंद पडतो, बटण दाबूनही सुरू होत नाही, मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलं की होतो. हे त्याचं संरक्षण आहे: भार जास्त झाला म्हणून त्याने स्वतःला कुलूप लावलं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथले अँपिअर गुणिले १२, तेच खरे कामाचे वॅट, आणि कधीकधी ते तीनशेलाही पोहोचत नाहीत. ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनी जोड असतील तर एकाच वायरची दोन तोंडं न लावता दोन स्वतंत्र वायरी लावा. एका आठ-पिनी जोडाला १५० वॅटची मर्यादा आहे. मित्राचा ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून पाहणं हीच पक्की परीक्षा. फक्त त्याच्या वायरीही त्याच्याच वापरा. मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसमधून सुट्या निघणाऱ्या, वायरी दिसायला सारख्या असल्या तरी कंपनीगणिक पिना वेगळ्या असतात, आणि चुकीची लावली की एसएसडी, हार्डडिस्क क्षणात जळतात. एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आत जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

मग उष्णता. हवेवर चालणारा कोणताही हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. दुकानात २६ अंश आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३९, तर हे १३ अंश जवळजवळ जसेच्या तसे चिपवर चढतात. तिथे ७८वर समाधानी असलेलं कार्ड इथे ९१ला टेकतं. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर 'सेन्सर्स ओन्ली'ने उघडा, लॉगिंग सुरू करून गेम खेळा. बंद पडल्यावर फाइलमधल्या शेवटच्या चार-पाच ओळी वाचा. पुष्कळ इंटेल प्रोसेसरची हद्द १०० अंश, रायझन ५ ५६००ची ९०, रायझन ७०००च्या पुष्कळ मॉडेल्सची ९५. तिथे पोहोचले की आधी वेग कमी होतो, गेम अडखळतो. फटकन बंद पडणं त्यानंतरचं. शेवटच्या ओळीत ६५ अंशच दिसत असतील तर प्रोसेसर गरम झाला हा संशय सोडा.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणं ही आपल्याकडची लाडकी चूक. हवा गार लागते खरी, पण ओली असते. धूळ ओल्या हवेत चिकटते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो, त्यात कूलरच्या गवताच्या काड्याही. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, तो काढल्यावर खाली गोधडी. हा थर ब्लोअरने वीस-तीस सेंटिमीटरवरून उडवा, पण आधी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. फुंकीने ते सुसाट फिरलं तर बेअरिंग बिघडतं. कॅबिनेटची बाजू काढून साधा टेबलफॅन लावून खेळून बघा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं आणि बंद पडणं थांबलं, तर दोष हवेच्या वाटेचा.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलायची असेल तर तुरीच्या दाण्याएवढी पुरे. जुन्या एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हीटसिंकला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलके पिळत सैल करा.

डिसेंबरच्या थंडीत पीसी व्यवस्थित चालतो आणि होळीनंतर कुरकुर सुरू होते, तर उष्णता किंवा वीज. थंडीतही तसाच पडत असेल तर मोर्चा रॅमकडे वळवा. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करून दोन दिवस खेळा. वेग थोडा कमी होईल, पण पडणं थांबलं तर उत्तर मिळालं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर संशय दुप्पट. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक एरर आली तरी ती नापासच, "एकच तर आहे" असं नसतं. मग एकेक पट्टी वेगळी तपासा. खोडरबराने पट्टीचे पिवळे दात घासायची पद्धत कधीकधी चालते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडून नवं दुखणं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

पंखे सुसाट, पडदा काळा, आवाज चालू अशा प्रकारात ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर आणा आणि गेम ६० फ्रेमवर बांधा. थांबलं तर पुन्हा वीज-उष्णतेकडे जा. नाही थांबलं तर कोअर क्लॉक १०० मेगाहर्ट्झने कमी करून पाहा. ड्रायव्हर बदलायचा तर नेट बंद ठेवून, सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना पूर्ण काढा. नेट चालू राहिलं तर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं.

गेम नुसता डेस्कटॉपवर पडतो, "व्हिडिओ मेमरी संपली" असा निरोप येतो, आणि प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉपवाला आहे? मग कार्डाला दोष देण्याआधी बायोस अपडेट करा. या पिढ्यांतल्या ६५ वॅट आणि त्यावरच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू नुकसान होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्यावर नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून येणारी) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मात्र अपडेटने भरून येत नाही, तेव्हा प्रोसेसर वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड अडकू शकतो, म्हणून ते काम चालू स्थितीतल्या यूपीएसवर.

एवढं करूनही दुकानात न्यायची वेळ आली तर एक कागद सोबत द्या: कसा बंद पडतो, किती मिनिटांनी, बगचेक कोड काय, शेवटच्या ओळीतलं तापमान किती, काय काय बदलून पाहिलं. पडणारा गेम त्याच पीसीवर ठेवा आणि कॅबिनेट बंद करून अर्धा तास तोच चालवून दाखवायला सांगा. टेस्टिंगला त्यांचा एसएमपीएस लावला तर तेही बिलावर लिहून घ्या, कारण त्यांच्या एसएमपीएसवर पीसी चालला असेल तर बदलायचं काय ते त्या ओळीतच आहे.